नदीकाठी, जुन्या झाडांत मुक्काम करायचा तर तंबू नेमका कुठे लावावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याहून सहा जण निघणार, त्यात एक सत्तरीचे आजोबा आणि नऊ नि बारा वर्षांची दोन मुलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, चार तासांच्या अंतरात, जुन्या दाट जंगलात अगदी नदीला लागून दोन रात्री काढायच्या आहेत. तंबू कोणता घ्यावा आणि सामान काय न्यावं? तंबूचं आणि सामानाचं खाली सांगतोच. पण या बेतात खरी अडचण 'नदीला लागून' आणि 'जुन्या झाडांखाली' या दोन इच्छांची आहे. ज्या दोन गोष्टींसाठी तुम्ही एवढ्या लांब जाताय, रात्री झोपताना त्यांच्यापासूनच थोडं अंतर ठेवावं लागतं. दिवस पाण्याजवळ आणि सावलीत घालवा, रात्र काठाच्या वरच्या मोकळ्या टप्प्यावर काढा. एवढं मान्य केलंत की बाकीचे निर्णय भराभर होतात.

बरंच काही जागेवर अवलंबून आहे, म्हणून आधी जागेबद्दल. बडोद्याच्या पूर्वेला तुम्हाला हवं तसं जंगल मोजक्याच ठिकाणी उरलं आहे. जांबुघोडा सगळ्यात जवळ, चांपानेर-पावागढच्या पुढे; पण तिथलं पाणी मुख्यतः तलावांचं आणि धरणांचं. छोटाउदेपूरकडचं केवडी झाडांसाठी चांगलं. राजपिपळ्यापलीकडचं शूलपाणेश्वर मोठं, ६०७ चौरस किलोमीटरचं. तुमच्या वर्णनाला सगळ्यात जवळचं मात्र दाहोद जिल्ह्यातलं रतनमहाल: १९८२ साली खास अस्वलांसाठी राखलेलं, जेमतेम ५६ चौरस किलोमीटरचं, मध्य प्रदेशच्या सीमेला चिकटलेलं अभयारण्य. पानम नदी याच डोंगरांत उगम पावते आणि उधल महुडाची वनविभागाची कॅम्पसाइट तिच्याच काठावर आहे. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. नकाशा काहीही म्हणो, लहान मुलं आणि आजोबांसह चार तास धरा. पुढचं सगळं रतनमहाल डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. बाकीच्या ठिकाणीही त्यातलं बहुतेक लागू पडेल.

अभयारण्यात वाटेल तिथे गाडी थांबवून तंबू ठोकता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आत जायलाच परवानगी लागते. आत आग लावणं, कचरा टाकणं आणि प्राण्यांना छेडणं हे त्याच कायद्याने गुन्हे आहेत. म्हणून पहिला फोन तंबूच्या दुकानात करू नका, वनविभागाच्या कार्यालयात करा आणि तीन गोष्टी विचारा: स्वतःचा तंबू लावू देतात का, की त्यांच्याच तंबूत किंवा खोलीत राहावं लागतं, गॅसची शेगडी चालते का, आणि रात्री सोबत गावातला माणूस मिळेल का. नाताळच्या सुट्टीत या जागा लवकर भरतात, त्यामुळे हा फोन आजच केलेला बरा. तारखा सरकवता येत असतील तर देवदिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे जास्त चांगले: नदी वाहती असते, सागाला पानं असतात, गर्दी कमी असते. फेब्रुवारीनंतर मात्र तुमच्यासारख्या कुटुंबाला मी नको म्हणेन. साग उघडा पडतो, नदीचे सुटे डोह उरतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळू लागली की अस्वलं रात्रभर त्याच झाडांखाली असतात.

'जुनं जंगल' म्हणजे इथे काय, हेही मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ती चित्रातल्यासारखे आकाशाला भिडलेले बुंधे शोधत बसतील. आपल्याकडचा साग पिढ्यान्‌पिढ्या तोडला गेला आहे. आज दिसणारा बराचसा साग तोडलेल्या खोडांना फुटलेल्या धुमाऱ्यांचा आहे. खरोखर जुनी झाडं तीन जागी उरली. एक, जिथे कुऱ्हाड आणि बैलगाडी पोचत नव्हती त्या घळींत. दोन, देवस्थानांभोवती. आणि तीन, नदीच्या अगदी काठावर. तिथे अर्जुन, जांभूळ, उंबर आणि करंज असतात. गुळगुळीत, पांढुरक्या सालीचा प्रचंड अर्जुन पाण्यात मुळं सोडून उभा दिसला की समजावं, आपण जुन्या जंगलात आहोत. याशिवाय मोहाचे जुने वृक्ष शेताच्या बांधावरही दिसतात. फुलं आणि बिया घरखर्चाला उपयोगी पडतात, म्हणून आदिवासी कुटुंबं मोह तोडत नाहीत. वय झालेल्या या झाडांना ढोल्या असतात, वठलेल्या फांद्या असतात, अंगावर अळंब्या असतात. घुबडं, पोपट, वटवाघळं त्यांतच राहतात. जुन्या जंगलाचं सौंदर्य म्हणजे हेच, आणि झोपण्याच्या दृष्टीने धोकाही हाच.

आता नदी. पुराची रेघ वाचायला बडोदेकरांना शिकवावं लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने शहरातल्या किती भिंतींवर ती काढून ठेवली हे सगळ्यांनी पाहिलं आहे. जंगलात भिंतीऐवजी झाडं असतात. काठावरच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा, गवताचे पुंजके, प्लॅस्टिक बघा. ज्या उंचीवर तो आहे, तिथपर्यंत पाणी येऊन गेलेलं आहे. स्वच्छ वाळू, गोल गोटे आणि एकाच दिशेला आडवी झालेली झुडपं म्हणजे नदीचं पात्रच, मग पाणी कितीही लांब दिसो. तंबू त्या कचऱ्याच्या रेघेच्या वर हवा, आणि पाण्यापासून किमान साठ-सत्तर पावलं लांब. जिथे जमिनीत माती आहे, पालापाचोळा साचला आहे आणि अनेक वर्षं वाढलेली झाडं सरळ उभी आहेत, तो टप्पा ठीक.

'डिसेंबरात कुठला आलाय पूर?' असं वाटेल. पानमचा इथला भाग उगमाजवळचा आहे. पाणलोट लहान आणि उतार तीव्र, त्यामुळे वर पडलेला पाऊस वाटेत कुठे न रेंगाळता थेट पात्रात येतो. पाणी चढतंही लवकर, उतरतंही लवकर. तुमच्या डोक्यावर चांदण्या असताना मध्य प्रदेशकडच्या डोंगरावर अवकाळी सर पडू शकते. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पानं आणि काड्या वाहू लागल्या किंवा प्रवाहाचा आवाज बदलला तर सामान सोडून वर निघायचं. हे मुलांना पहिल्याच संध्याकाळी पाण्याजवळ उभं करून सांगा. निघण्याच्या दोन दिवस आधी हवामान खात्याचा अंदाज दाहोद आणि अलीराजपूर या दोन्ही जिल्ह्यांसाठी बघा. कुठेही पावसाची शक्यता दिसली तर मुक्काम रद्द करा, दिवसाची सहल करून परत या. आणि जागा बदलून कधी मोठ्या नदीवर, धरणाच्या खालच्या बाजूला गेलात, तर वाळूत मुळीच झोपू नका. २००५ च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यात धाराजी इथे नर्मदेत जमलेले अनेक भाविक धरणातून आलेल्या पाण्यात वाहून गेले, तेव्हाही वर पाऊस नव्हता.

नदीपासून वर सरकण्याचं दुसरं कारण थंडी. रात्री उतारांवरची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखीच खाली घरंगळत पात्रात साचते. आठ-दहा मीटर वर गेलं तरी दोन-तीन अंशांचा फरक पडतो. डिसेंबरअखेरीस या डोंगरांत पहाटे दहा अंशांच्या आसपास असतं, कधी त्याहून खाली जातं. अशा वेळी हा फरक आजोबांच्या झोपेचा प्रश्न ठरतो. शिवाय काठावर दव इतकं पडतं की सकाळी तंबूचं कापड पिळून काढावं लागतं. तिसरं कारण प्राणी. हिवाळ्यात पाण्याच्या जागा कमी असतात आणि जंगलाला रात्री तिथे यावंच लागतं. पाणवठ्याची वाट अडवून झोपलं की एक तर ते बिचारे तहानलेले परत जातात, नाहीतर तुमच्या तंबूला वळसा घालून जातात. दोन्ही गोष्टी चांगल्या नाहीत.

जागा पक्की करण्याआधी मान वर करून सावकाश एक फेरी मारा. वठलेलं झाड किंवा लटकलेली फांदी तंबूच्या दीडपट उंचीच्या आत नको, असा सर्रास सल्ला ऐकू येतो. त्यात चूक आहे. उंची झाडाची मोजायची, तंबूची नाही. पंधरा मीटरचं वठलेलं झाड असेल तर तंबू बावीस-तेवीस मीटर लांब. जाड फांद्या वारा नसतानाही पडतात. सालईची फांदी ठिसूळ असते. मोहाचं खोड बाहेरून धडधाकट आणि आतून पोकळ असू शकतं. बुंध्यावर कंगोऱ्यासारखी अळंबी, मुळाशी भुसा, सुटलेली साल, एका बाजूला उचललेली माती, यातलं काहीही दिसलं की ते झाड सोडा. एक घोटाळा मात्र टाळा. डिसेंबरअखेर काही झाडं पानगळीमुळे उघडी असतात, ती मेलेली नसतात. हाताशी येणारी डहाळी हलकेच वाकवून बघा. लवचीकपणे वाकली आणि टोकाला कळी असेल तर झाड जिवंत आहे. काटकन मोडली तर वठलेलं. मग झाडं पूर्ण टाळावीत का? तसंही नाही. निरोगी, मध्यम वयाच्या झाडांच्या छत्राच्या कडेला तंबू असेल तर दव कमी पडतं आणि सकाळी ऊन लवकर मिळतं. छत्राखाली नको, कडेला हवा.

त्याच फेरीत आग्या मोहोळ बघून घ्या. काटेसावर, वड, उंबर, कडेकपारी या त्यांच्या आवडत्या जागा. फांदीखाली काळपट अर्धचंद्रासारखं पोळं दिसलं तर तिथून दूर जा, कारण त्यांना धूर, उग्र अत्तर आणि रात्रीचा जोरदार उजेड सहन होत नाही. बोरीची जाळी आणि घाणेरीची दाट झुडपंही जवळ नकोत. डिसेंबरात बोरं पिकायला लागतात आणि अस्वल ती आवडीने खातं. घाणेरीत ते दिवसा झोपतं. मुलांना बोरं तोडायची हौस असेल तर दुपारी, उघड्यावर, वाटाड्यासोबत.

अस्वलाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण रतनमहालला बिबट्याची भीती सगळ्यांना वाटते, अस्वलाची कुणालाच वाटत नाही, आणि हिशोब उलटा आहे. अस्वल माणसाला खायला येत नाही. दचकलं की हल्ला करतं. त्याचं नाक तीक्ष्ण, पण नजर आणि कान बेताचे. वारूळ उकरून वाळवी शोषताना तर त्याच्याच सूं-सूं आवाजात ते गुंग असतं, त्यामुळे शांतपणे चालणारा माणूस अगदी पुढ्यात येईपर्यंत त्याला कळत नाही. म्हणून जंगलात शांतता पाळा हा एरवीचा चांगला सल्ला वाटेवर चालताना उलटा करा. आपापसांत साध्या आवाजात बोलत राहा, काठी आपटा, वळणावर टाळी वाजवा. ताजं उकरलेलं वारूळ, बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर परत फिरा. लांबवर दिसलं तर पळू नका. मुलांना मधे घेऊन, त्याच्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरका. अगदी अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हात मानेमागे गुंफायचे, कारण ते डोक्यावर आणि चेहऱ्यावर वार करतं. पहाट, संध्याकाळ आणि रात्र या त्याच्या वेळा. या वेळांत कुणीही, अगदी लघवीलासुद्धा, एकटं जायचं नाही. बिबट्यासाठी नियम सोपा आहे: सूर्य डोंगराआड गेला की मुलं मोठ्यांच्या हाताच्या अंतरात. घरचा कुत्रा आणू नका.

अन्नाचा वास हाच प्राण्यांना तंबूजवळ आणतो. गूळ, चिक्की, मध, फळं, दातांची पेस्ट, उष्टी भांडी, यातलं काहीही तंबूत नको. सगळं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात आणि डबा काचा बंद केलेल्या गाडीत. मुलांचे खिसे रात्री तपासा. चॉकलेटची चांदी हमखास निघते. स्वयंपाकाची जागा तंबूपासून तीसेक पावलं लांब ठेवा. दिवसा वानरं हाच उपद्रव जास्त करतात, त्यांना हाताने काही देऊ नका.

पाण्यात उतरण्याबद्दल. बडोद्यात राहून मगरीचं सांगायची गरज नसावी, तरी जंगलातल्या नितळ पाण्यात माणूस ते विसरतो. कोणत्याही डोहात पाय टाकण्याआधी गावातल्या माणसाला विचारा, आणि काठाच्या चिखलात घसरत गेल्याचे रुंद पट्टे दिसले तर त्या डोहाकडे फिरकू नका. मगर नसली तरी शेवाळलेले खडक आणि पाण्याखालची लाकडं आहेतच. मुलांसाठी घोट्याएवढं वाहतं पाणी पुरे. डोहात उडी कुणीच मारायची नाही. पंधरा मीटरची एक जाड दोरी काठावर हाताशी ठेवा. पायात जुने बूट घाला, चपलांनी घसरायला होतं.

पिण्याचं पाणी घरूनच न्या. थंडीत माणशी तीन लिटर पिण्याला आणि चहाला, दोन लिटर स्वयंपाकाला. सहा जणांचे दिवसाला तीस लिटर होतात, दोन रात्रींच्या मुक्कामाला साठ. म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन. नदीचं पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी वर गुरं आणि बकऱ्या पाण्यात उतरलेल्या असतात. ते वापरायचीच वेळ आली तर चौपदरी सुती कापडातून गाळा, खदखदून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवा, मग निववा. क्लोरीनच्या गोळ्या वापरल्यात तर पाकिटावरचं प्रमाण पाळा आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या. भांडी आणि अंघोळ नदीत नको. बादलीने पाणी वर आणून पात्रापासून साठ पावलांवर, साबण नावापुरता. भांडी आधी राखेने किंवा मातीने पुसून घेतली तर साबण लागतही नाही.

शेकोटीचं स्वप्न बहुधा सोडावं लागेल. सागाचं वाळलेलं पान ताटाएवढं मोठं आणि कागदासारखं पेटणारं. एक ठिणगी वाऱ्यावर गेली की जमिनीलगत वणवा पसरतो. कॅम्पसाइटवर राखलेली जागा असेल आणि तिथला कर्मचारी हो म्हणाला तरच, त्यांच्या लाकडावर, शेजारी दोन बादल्या पाणी ठेवून. जंगलातलं पडलेलं लाकूड उचलू नका. स्वयंपाक गॅसवर. २३० ग्रॅमचे चार डबे सहा जणांच्या दोन रात्रींना लागतात, एक जादा न्या. गारठ्यात ज्योत मंदावते, म्हणून पहाटे वापरायचा डबा रात्री कपड्यांत गुंडाळून ठेवा. वाऱ्यासाठी आडोसा एकाच बाजूने करा. डबा चारी बाजूंनी झाकला तर तापून फुटू शकतो. आणि तंबूत शेगडी किंवा निखाऱ्याची सिगडी पेटवायची नाही, पाच मिनिटंही नाही, थंडी कितीही असली तरी. बंद कापडात साचणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

जेवणाचा बेत साधा ठेवा. पहिल्या दिवशी घरून नेलेल्या दशम्या आणि मेथीचे ठेपले. दुधात भिजवलेल्या दशम्या थंडीत दोन दिवस मजेत टिकतात. रात्री मुगाची खिचडी: सहा जणांना चारशे ग्रॅम तांदूळ, दोनशे ग्रॅम डाळ आणि साधारण तीन लिटर पाणी. पाच लिटरच्या कुकरात एवढं बसत नाही, फेस येऊन शिटी तुंबते. साडेसात लिटरचा घ्या किंवा दोनदा लावा. दुसऱ्या रात्री पिठलं, सोबत गावात सांगून करून घेतलेल्या मक्याच्या भाकरी मिळाल्या तर उत्तम. रात्रीचं जेवण सातच्या आत उरकून भांडी धुतलेली असावीत.

आता तंबू. सहा जणांना एक मोठा घेण्यापेक्षा चार-चार जणांचे दोन घ्या. पाकिटावर 'चार जण' लिहिलेलं असतं तेव्हा त्यात तीन माणसं आणि त्यांचं सामान नीट मावतं. घुमटाच्या आकाराचा, खुंट्या न मारताही उभा राहणारा, तळ शिवलेला आणि वरचं पावसाळी कापड वेगळं असलेला असावा. वरचं कापड आतल्याला कुठेही टेकता कामा नये. एक माणूस रात्रभरात श्वासातून पेलाभर पाणी हवेत सोडतो, ते वरच्या थंड कापडावर जमतं आणि टेकलेल्या जागेतून थेट अंथरुणावर टपकतं. म्हणून थंडीतही वरच्या झरोक्यांची जाळी उघडी ठेवा. तळाखाली अंथरायचं प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार-चार बोटं लहान हवं. बाहेर राहिलं तर दव आणि पाऊस गोळा करून तंबूखालीच घालतं. इथली जमीन मुरमाड, तंबूसोबत येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून वीत-सव्वा वीत लांबीचे लोखंडी खिळे घ्या आणि डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं ठेवून तिरपे ठोका. उशी चढाकडे, दार नदीच्या वाऱ्याकडे पाठ करून. दोन्ही तंबू आधी गच्चीवर एकदा, आणि एकदा अंधारात टॉर्च लावून उभे करून बघा.

थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. जाड रजई अंगावर आणि खाली नुसती सतरंजी, ही नेहमीची चूक. दहा मिलिमीटरची फोमची चटई, त्यावर गोधडी; वर पांघरूण थोडं कमी असलं तरी चालतं. स्लीपिंग बॅग घेत असाल तर तिच्यावर दोन तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं 'कम्फर्ट'चं बघा. ते पाच अंशांच्या आसपास असावं. पालापाचोळा गोळा करून गादी करू नका, त्यात विंचू असतात. मण्यार रात्री ऊब शोधत अंथरुणात येते आणि तिचा चावा बऱ्याचदा जाणवतही नाही. तळ शिवलेला तंबू आणि कायम बंद चेन एवढ्यानेच तो धोका जवळपास संपतो. चेन 'आत्ता परत येतोच' म्हणून उघडी टाकायची नाही. बूट तंबूच्या आत, सकाळी झटकून घालायचे.

आजोबांसाठी माझं स्पष्ट मत: कॅम्पसाइटवर खोली मिळत असेल तर ती घ्या आणि त्यांच्यासोबत एक जण तिथे झोपा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री तीनदा जमिनीवरून उठणं हीच शिक्षा असते. खोली नसेल तर घडीची खाट मावेल एवढा उंच तंबू बघा. खाटेवरही फोम घाला, नाहीतर खालून वाहणारा गारवा पाठ धरतो. रात्री बाहेर पडायला नको म्हणून झाकणाचं भांडं तंबूच्या पडवीत ठेवा; यात संकोच करू नका. कॅम्पवर शौचालय असेल तर तेच वापरा. नसेल तर पाण्यापासून आणि वाटेपासून साठ-सत्तर पावलांवर वीतभर खोल खड्डा, नंतर मातीने बुजवायचा. कागद आणि मुलांचे ओले वाइप्स पिशवीत घालून परत बडोद्याला.

औषधांत आजोबांची नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची, ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, अॅलर्जीची गोळी, चिकटपट्ट्या, आणि डासांसाठी मलम. गोचीड संध्याकाळी कानामागे, काखेत, कमरेला शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा काडी लावू नका. साप चावला तर दंश कापणं, चोखणं, करकचून बांधणं काहीही करायचं नाही. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि गाडीने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. ते नेमकं कोणतं आणि किती अंतरावर, हे वनविभागाला केलेल्या पहिल्याच फोनमध्ये विचारून कागदावर लिहून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे, पण दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते. कुठे येते ती जागा पोचल्या पोचल्या शोधा आणि सगळ्यांना दाखवा. गाडीचं तोंड रस्त्याकडे, किल्ली एका ठरलेल्या जागी.

वेळेचा हिशोब शेवटी, कारण सगळं त्यावर टिकतं. डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगरांच्या कुशीत पाचलाच सावली येते. घरातून सकाळी साडेसहाला निघा, अकरा-साडेअकरापर्यंत पोचा, आधी परवानगीची नोंद, मग सामान गाडीतच ठेवून वाटाड्यासोबत जागेची फेरी. तंबू चारच्या आत उभे झालेच पाहिजेत. साडेतीनपर्यंत मनासारखी जागा सापडली नाही तर कॅम्पच्या आवारात झोपा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात नवी जागा बघा. अंधारात निवडलेली जागा बहुतेक वेळा सपाट असते, आणि नदीकाठी सपाट जागा बहुतेक वेळा पात्राचीच असते. घरी राहणाऱ्या कुणाकडे तरी कॅम्पचं नाव, गाडीचा नंबर आणि तिसऱ्या दिवशी परतण्याची वेळ लिहून द्या, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी, कुणाला फोन करायचा तेही.